दोन गाण्यांच्या मधली जागा

आईबाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या घरात किती वेळा पाहिली असेल, पण तिच्यात लग्न असं कधी ऐकूच आलं नाही. तेव्हाच्या आमच्या परळच्या व्हिडिओवाल्यांची पद्धतच तशी होती. लग्नात रेकॉर्ड झालेला आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. त्यामुळे बौद्धाचार्य त्रिशरण देताहेत, पांढऱ्या साडीतली आई हात जोडून मागोमाग म्हणतेय आणि कानावर काय येतं, तर बागेत पळणाऱ्या हिरो-हिरॉइनचं गाणं. त्या व्हिडिओवाल्याला गाठून जाब विचारावा असं मला अजूनही वाटतं.

बाबा मी शाळेत असतानाच गेले. घरात तेव्हा मोबाइल नव्हता, त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच राहिला नाही. गेल्या वर्षी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "चेहरा येतो गं डोळ्यांपुढे. आवाज नाही आठवत आता." एवढं बोलून तिने मेथीची दुसरी जुडी ओढली. मी दुसऱ्याच दिवशी ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घ्यायला दिली आणि दादरला व्हिडिओ एडिटिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लासात सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात मी पस्तिशीतली बाई. स्क्रीनवर चित्राची पट्टी वर, आवाजाची खाली. एक सरकवायला जावं तर दुसरी भलतीकडेच पळायची. एकदा माझ्या हातून पंगत आधी आणि लग्न नंतर झालं. आईला दाखवलं तर म्हणाली, "असू दे, लोकं त्यासाठीच आलेली."

माझी सगळी भिस्त एका सोयीवर होती. हे सॉफ्टवेअर गाणं आणि बोलणं वेगळं करतं. मी गाणं काढलं, तर खाली काहीच उरलं नाही. क्लासच्या सरांनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, आवाज दबलेला नाहीये, पुसलेलाच आहे. नसलेला कुठून आणणार?" मला तिथेच रडू आलं. सरांचा रागही आला, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना.

तरी रविवारी लॅपटॉप उघडून बसलेच. आवाजाची पट्टी मोठी करून बघताना दिसलं की एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत मध्ये थोडी जागा सुटली होती, आणि तेवढ्या जागेत मूळ आवाज पुसायचा राहून गेला होता. पट्टीवर जेमतेम उंचवटा होता. आमच्या घरात कॅसेट लागली की सगळे एकदम बोलायचे, तिथे तो कोणाला ऐकू येणार? मी तेवढाच तुकडा कापला, आवाज वाढवला आणि आईला हाक मारली.

खरखर. मागे भांडी. स्टेजवर पाहुण्यांसाठी ताटकळलेले बाबा आईकडे झुकतात आणि म्हणतात, "पाय दुखत असतील. बस ना जरा."

आई ओले हात पदराला पुसत उभी राहिली. मी पुन्हा लावलं.

"माझे कुठे दुखत होते!" ती म्हणाली. "ह्यांचेच दुखत होते. नवे बूट चावत होते, पण सांगतील तर शपथ."

मी आणखी एकदा लावलं. या वेळी आई वाकली, अगदी स्क्रीनजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही बसा. मी बघते पाहुण्यांकडे."