असिंगम

संध्याकाळचे सहा वाजले की माधवराव मामा नाकातोंडावर ओला पंचा बांधायचे, मागच्या अंगणात स्टोव्ह पेटवायचे आणि मासे शिजवायला बसायचे. मामांनी स्वतः जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यांच्या घरात कांदासुद्धा क्वचित यायचा. नेत्तिली नावाची बोटाएवढी मासळी पातेल्यात उकळायला लागली की तिचा वास जिन्याने वर चढून माझ्या खोलीत शिरायचा आणि उशीला, टॉवेलला, माझ्या केसांना चिकटून बसायचा.

दोन हजार चार साली मी साताऱ्याहून नोकरीसाठी मद्रासला आले. ऑफिस पेरुंगुडीला होतं, खोली मैलापुरात, एका जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी तो वास असह्य होऊन मी भांडायला खाली उतरले. कानाला फोन होता, पलीकडे आई. "अगं, ओकारी येईल असा वास आहे," असं मी तिला सांगत होते, तोच पातेल्यापुढचा तो काटकुळा म्हातारा मान वर न करता म्हणाला, "ओकारी मलाही येते, म्मा. तेन्हाला भूक लागते. काय करणार?"

'ते' म्हणजे सात मांजरं. पातेल्याभोवती गोल करून बसलेली. कुणाचा कान फाटलेला, कुणाचा डोळा चिकटलेला. मला त्यांच्याकडे बघवेना. पण मद्रासच्या अंगणात मराठी ऐकून मी भांडण विसरले.

मामा तंजावरचे मराठी. कित्येक पिढ्यांमागे कुणी पूर्वज तिकडे गेला, तेव्हापासूनची त्यांची भाषा वेगळ्याच चालीत घडलेली, तमिळ हेल काढून बोलली जाणारी. एका जहाज कंपनीत ते स्टेनोग्राफर होते. निवृत्त झाले, मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. मांजरांचा नाद बायकोचा. "मला पूनै कधी आवडली नाही," ते सांगायचे. पूनै म्हणजे मांजर. "ती गेली. तिसऱ्या दिवशी ही सगळी दारात बसली. तेन्हाला कोण सांगणार?"

त्यांचा आवडता शब्द 'असिंगम'. किळसवाण्या गोष्टीला तमिळमध्ये म्हणतात तो. आणि हा शब्द ते मांजरांसाठी कधीच वापरत नसत. तो राखून ठेवला होता आमच्या संगणकांसाठी.

त्यांचा स्वतःचा संगणक पुरातन होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाही. बोटं कळफलकावरून उठत नसत. गल्लीतल्या लोकांचे इंग्रजी अर्ज, विनंत्या, तक्रारी ते त्यावर टाइप करून देत. मी एकदा माझा ऑफिसचा लॅपटॉप खाली नेला. पडद्यावरची चित्रं, रंग, पंचवीस तऱ्हेची अक्षरं, पत्राला लावायची फुलांची किनार असं सगळं हौसेनं दाखवलं. मामांनी हात मागे बांधून पाहिलं, जसं कुणी उघडं गटार पाहावं.

"लिहिताना लिहिणं दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "हे काय? लग्नाचं कल्याणमंडपम अहे की काय? असिंगम."

आणि हा माणूस राहत कशात होता? त्यांच्या मॉनिटरवर ऊब घ्यायला एक म्हातारी बोकी कायम पसरलेली असे. तिची शेपटी पडद्यावर लोंबायची. मामा ती एका बोटानं बाजूला करून ओळ वाचायचे, मग परत सोडून द्यायचे. एकदा ती कळफलकावर ओकली. मामांनी शांतपणे एकेक कळ उपटली, साबणाच्या पाण्यात धुतली आणि वर्तमानपत्रावर वाळत घातली. त्याच हातानं, धुऊनच, पण त्याच हातानं मला कॉफी दिली. मी ती श्वास धरून प्यायले. रोजच श्वास धरून प्यायचे. नाही कसं म्हणणार? मराठी बोलायला त्या शहरात मला दुसरं माणूस नव्हतं.

आठेक महिन्यांनी इमारतीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. जिन्यात घाण होते, वास येतो, मांजरं हलवायला हवीत, सगळ्यांच्या वतीनं पत्र हवं. "एरवी खालच्या माधवरावांकडून टाइप करून घेतो," ते ओशाळून म्हणाले, "पण हे कसं घेणार?"

त्या दिवशी माझ्या चपलेत मांजरानं घाण केली होती. मी लगेच लॅपटॉप उघडून बसले आणि फुलांची किनार लावून पत्र लिहिलं. लिहिता लिहिता हात सुटला. आरोग्याला धोका लिहिला, इमारतीतल्या लहान मुलांना आजार होताहेत असंही लिहिलं. इमारतीत लहान मूल एकही नव्हतं. सेक्रेटरींनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर लावलं.

संध्याकाळपर्यंत ते नाहीसं झालं. सकाळी त्या जागी दुसरं पत्र होतं, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर, मामांच्या प्रिंटरच्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. तीच तक्रार, चार ओळींत. तळमजल्यावर सात मांजरं आहेत. संध्याकाळी वास येतो. जिना आठवड्यातून दोनदा घाण होतो. त्यांना हलवावं. खाली रहिवासी म्हणून पहिली सही मामांची.

सेक्रेटरींना वाटलं, प्रश्न मिटला. त्यांनी कुठून तरी दोन माणसं बोलावली. रविवारी सकाळी ती रिक्षातून टोपली आणि फास लावलेली काठी घेऊन आली. पहिल्याच मांजराच्या गळ्यात फास पडला आणि ते असं ओरडलं की वरच्या बायका आत निघून गेल्या. मामा म्हणाले, "पोदुम, पुरे. बाजूला व्हा." त्यांनी तो फास सोडवला, ताटली मांडली, एकेकाला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं टोपलीत घातलं. सहा मुकाट गेली. मॉनिटरवरच्या म्हाताऱ्या बोकीनं त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. तिलाही त्यांनी घातलं, झाकण बांधलं.

"कोठं सोडणार?" त्यांनी विचारलं.

"शहराबाहेर, गुम्मिडिपूंडीच्या पुढं," त्यातला एक माणूस म्हणाला. "तिकडं कारखाने आहेत, उंदीर पुष्कळ."

रिक्षा गेली. मी कापूस आणि औषध घेऊन त्यांच्या दारात गेले. मामा नळाखाली हात धरून उभे होते.

"मामा, ते पहिलं पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक अहे. फुलांची किनार तूच मला दाखवलीस."

"मला वास सहन होत नव्हता."

"वास मलाही येतो. सांगायचं होतंस. कॉफी घेताना श्वास धरून बसतेस, तेही मी बघतो. तेचं मला काही नाही." त्यांनी नळ बंद केला. "पण नसलेल्या मुलांना आजारी पाडलंस, म्मा. ते असिंगम."

आवाज चढला नव्हता. लॅपटॉपकडे पाहताना जो होता तोच होता. मी कापूस पुढे केला. त्यांनी घेतला नाही, स्वतःच्या पंच्यानं हात पुसले.

पुढे अंगणात स्टोव्ह पेटला नाही. माझ्या उशीचा वास आठवडाभरात गेला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची जी किळस आली ती मात्र गेली नाही. दोन महिन्यांनी ऑफिसजवळ जागा मिळाल्याचं निमित्त करून मी ते घर सोडलं. मामा वारल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं.

निघण्याच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून मी त्यांच्या दाराशी गेले. ते टाइप करत होते.

"मामा, येते," मी म्हणाले.

आपल्याकडे काय, मद्रासेत काय, निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. आपण 'ये' म्हणतो, ते 'जाऊन ये' म्हणतात. मामांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी पडद्यावरची ओळ पूर्ण केली, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "बरं. जा."