काकांनी दुरुस्त केलेला चालू लॅपटॉप

आमच्या काकांना कुठलीही वस्तू नीट चालताना बघवत नाही. नीट चालणाऱ्या वस्तूला उघडायला निमित्त नसतं ना! त्यांच्या सुदैवाने घरातला लॅपटॉप चांगलाच म्हातारा. बॅटरी केव्हाच गेलेली, चार्जरची वायर जाड पुस्तकाखाली दाबली तरच तो जागा व्हायचा, आणि बिजागरी ढिली म्हणून स्क्रीन मागे उशीला टेकवलेली.

त्या दुपारी काकूंच्या आवाजाची परीक्षा होती. अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेला वाचणारं माणूस हवं होतं. मजकूर लॅपटॉपवर आयत्या वेळी येणार, काकूंनी तो वाचायचा, पलीकडचे ऐकणार. पेपर मोठ्याने वाचते म्हणून जन्मभर बोलणी खाल्लेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून 'वाचा' म्हणत होतं.

सकाळी त्या मला फोनवर म्हणाल्या, "लॅपटॉप बंद आहे गं. तू आलीस की लावू."

काकांनी एवढंच ऐकलं. बंद ठेवलाय की बंद पडलाय, हे विचारतील तर ते काका कसले! मी पोहोचले तेव्हा लॅपटॉपचं पोट उघडं, स्क्रू वाटीत, आणि काका रॅमची पट्टी खोडरबराने घासत बसलेले. तेवढ्यात काकू अंघोळ करून बाहेर आल्या.

"अहो, तो चांगला होता!"

"आता आणखी चांगला होईल," काका म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

सगळं परत जोडलं. पंखा फिरला, बटणाचा दिवा लागला, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. काकांनी वायरी काढून पुन्हा बसवल्या, बिजागरी हलवून पाहिली. शेवटी टॉर्च आणून स्क्रीनवर तिरका धरला, तर आत पुसट अक्षरं दिसली.

"चित्र आहे! फक्त मागचा उजेड गेलाय!" रोग कळला की रोगी बरा झाला, असं काकांना नेहमीच वाटतं.

"गेला की घालवलात?" काकू म्हणाल्या. डोळे भरून आले होते. मी माझ्या मोबाइलवर खटपट केली, पण संस्थेचं ते वाचायचं पान काही उघडेना.

काकांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि टॉर्च घेऊन काकूंच्या खांद्यामागे वाकून उभे राहिले. काकू वाचू लागल्या. ओळ संपली की उजेड खाली सरके. मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही.

मधेच पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, वाचन फार छान. पण मागे कुणीतरी धापा टाकतंय."

"माझे मिस्टर आहेत. उजेड धरलाय त्यांनी," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडे लक्ष द्या." आणि पुढची ओळ वाचायला लागल्या.

काकूंची निवड झाली. संस्थेने धड चालणारा लॅपटॉप दिला. काकूंनी घरात एकच नियम केला, वाचन चालू असताना काकांनी खोलीत पाऊल टाकायचं नाही. काका आता दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. कुणी आलं की ओठांवर बोट ठेवतात आणि अगदी हळू सांगतात, "ती वाचतेय."