वारा अडवल्याची तक्रार

एका खासगी कंपनीचा अभियंता पोलीस ठाण्यात आला आणि कोणीतरी आमचा वारा अडवत आहे, असे म्हणाला. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला वर्ष उरले होते. मी डहाणू किनारपट्टीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तक्रार लिहून घेता घेता वीज गेली, संगणक बंद पडला. "बघा साहेब, म्हणूनच पवनचक्क्या हव्यात," अभियंता म्हणाला. ठाणे अंमलदाराने कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवले.

पवनचक्क्या उभारण्याइतका वारा इथे आहे का, हे पाहण्यासाठी कंपनीने गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर एक उंच, बारीक मनोरा उभा केला होता. टोकाला वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आणि दिशा दाखवणारे पाते होते. मनोरा पडू नये म्हणून चारी बाजूंनी जाड तारा जमिनीत रोवल्या होत्या. वर्षभराच्या सलग नोंदी मिळाल्या तरच प्रकल्प पुढे सरकणार होता. दिवाळीनंतर नोंदी बिघडू लागल्या. काही दिवस पाते तासन्‌तास एकाच दिशेला अडकलेले आणि वाट्या थबकलेल्या, मग आठवडाभर सगळे सुरळीत. दुरुस्ती करणारा वर चढून आला. यंत्र ठणठणीत होते.

कंपनीचा संशय पहारेकऱ्यावर होता. वाढवणच्या प्रस्तावित बंदरावरून किनारा तापलेला होता. मोजमापाचे कोणतेही यंत्र दिसले की गावात एकच वाक्य ऐकू येई : "आधी मोजायला येतात, मग घ्यायला येतात." विरोधकांना पहारेकरी सामील आहे, त्याच्यावर गुन्हा दाखल करा, असा अभियंत्याचा आग्रह होता. पहारेकरी तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. दरवर्षी दिवाळीनंतर तो घराला कुलूप लावून बायकामुलांसह गुजरातेत मजुरीला जाई. त्या वर्षी प्रथमच कुलूप लागले नव्हते. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. मी तपासासाठी मुदत मागून घेतली.

पहारेकऱ्याची चौकशी मीच केली.

"मनोऱ्याची नासधूस करायला कोण आलं होतं?"

"कोन नाय आला, साहेब."

"तू झोपतोस का?"

"झोपतो. घरी जाऊन."

"तुझ्या पहाऱ्यात कोणी अनोळखी माणूस?"

"फक्त तुमचा हवालदार. त्याला पन आता वळखतो."

खोटे बोलणारा माणूस तपशील पुरवतो. हा काहीच पुरवत नव्हता. जागेचा पंचनामा केला, त्यात 'मनोरा सुस्थितीत' असे लिहिले. खाली मासळीचा वास येत होता. त्याची नोंद केली नाही. किनाऱ्यावर असा वास नेहमीचाच नसता, तर कदाचित केली असती.

नंतर बिघाडाच्या तारखा क्रमाने लिहून काढल्या. हवालदाराने त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिल्या आणि आवाज खाली आणला. "साहेब, सगळ्या तारखा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या आहेत. हे माणसाचं काम नाही. माझ्या ओळखीचा एक भगत आहे."

ठाण्यात एक महिला शिपाई होती, मच्छीमाराच्या घरातली. ती हसू लागली. "दादा, भगत कशाला? अमावास्या-पुनवेला उधाण असतं. पाण्याला ओढ असली की डोल जाळ्यात बोंबील भरतो. अष्टमीच्या आसपास भांगाला पाणी मंद, तेव्हा जाळी रिकामी. आपण पंचनामा भांगाच्या दिवसांत केला."

"मग बोंबलाचा आणि मनोऱ्याचा काय संबंध?"

"ते जाऊनच बघू या, साहेब."

पुढच्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, अभियंत्याला घेऊन आम्ही गेलो. मनोऱ्याच्या चारही तारांवर, हात पोहोचेल तिथपर्यंत, जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील जोडीजोडीने लटकत होते. माशांच्या वासावर आलेल्या घारी टोकावर बसल्या होत्या. त्यांतली एक थेट पात्यावर होती आणि वाट्यांच्या दांडीवर कावळ्यांची रांग होती. वारा जोरात होता. यंत्राच्या मते नव्हता.

हवालदाराने विचारले, "साहेब, बोंबील मुद्देमालात घ्यायचे का?" ठाण्यातली मुद्देमालाची खोली माझ्या खुर्चीच्या मागेच होती. मी नकार दिला.

तारांवर बोंबील अडकवणाऱ्या बायकांमधली सर्वांत वयस्कर मावशी पुढे आली.

"मावशी, या तारांवर कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी कसली? आमच्या वलांड्या होत्या इथं, बांबूच्या, सासूच्या वेळेपासून. त्यांवरच बोंबील सुकवायचो. हे लोक आले नि कचरा म्हणून काढून टाकल्या. मग या तारा बांधून दिल्या. आम्ही म्हटलं, माणसं भली हायत, बदल्यात पक्कं काम करून दिलं." मग ती अभियंत्याकडे वळली. "फक्त तारा तिरप्या बांधल्या रे बाबा. आडव्या हव्या होत्या."

"मावशी, या तारा मनोऱ्यासाठी आहेत," अभियंता कसाबसा म्हणाला.

"आणि मनोरा कशासाठी?"

"वारा मोजायला."

सगळ्या बायका हसत सुटल्या. "मग विचारायचं ना! उत्तरेचा सुटला की बोंबील तीन दिवसांत कडक. दक्षिणेचा असला की नरम पडतो, किडे होतात. गावात वारा दुसरीकडे एवढा लागत नाय, म्हणून तर वलांड्या इथं."

अभियंत्याने वही काढली.

कागदपत्रे मी पाहिली. कंपनीचे काहीही बेकायदा नव्हते. सातबाऱ्यावर जागा पडीक होती, ग्रामसभेचा ठरावही होता. सभा सकाळी झाली होती आणि सकाळी या बायका बाजारात मासळी विकत असतात.

पहारेकऱ्याला मी बाजूला घेतले. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारला, नासधूस करायला कोन आला. या तर सुकवायला येत होत्या."

नुकसानीचा हेतू नसल्याने गुन्हा होत नाही, असा अहवाल मी पाठवला. पहारेकऱ्याची नोकरी राहिली. कंपनीने मनोऱ्यापासून दूर, मावशीने बोट दाखवले तिथे, बांबूच्या आडव्या वलांड्या बांधून दिल्या आणि वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली. मावशीचा पवनचक्कीला विरोध नव्हता. "वीज गेली की बर्फाचा कारखाना बंद, होडीला बर्फ नाय. आणा तुमची चक्की. पन खांब रोवायच्या आधी विचारा, खाली काय हाय."

तपासाचे प्रशिक्षण मी अनेकांना दिले. 'संशयास्पद काय घडले' हा प्रश्न आधी विचारा, असे शिकवत आलो. या प्रकरणानंतर क्रम बदलला. आधी विचारायचे, इथे रोज काय घडते?

कंपनीने पहारेकऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही दिली. निवृत्त होण्यापूर्वी मी ती एकदा चाळली. सातवी शिकलेल्या माणसाचे सुवाच्य अक्षर होते. शेवटची नोंद अशी : 'बाया आठ. घार एक, हाकलली. कावळे मोजता आले नाहीत. कंपनीचा माणूस आला नाही.'