साडेचार इंच

कोल्हापुरात पोराला चालता येण्याआधी फुटबॉल कळतो, आणि कुस्ती तर न बघताही कळते. बास्केटबॉल मात्र कुणाला कळत नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. अशा गावात एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा प्रत्येक शॉट प्रसेनजीत कांबळे नावाचा माणूस तीन वर्षं वहीत टिपत होता. कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित केलंही नसतं.

प्रसेनजीत त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा झाली की सर, पुढची घंटा झाली की कुणीच नाही. चौदा वर्षं दर जूनला मुलाखत, तेच तीन प्रश्न, तीच ऑर्डर. स्टाफरूममध्ये त्याला खुर्ची होती पण कपाट नव्हतं, म्हणून सगळा संसार पिशवीत. वडील एसटीत कंडक्टर होते, चंदगडच्या गाडीवर. सुट्टीत हा त्यांच्याबरोबर जायचा आणि चढणारी-उतरणारी माणसं मोजायचा. वडिलांची शिकवण एकच. "चुकला तर चालंल, पर खोटा आकडा सांगायचा न्हाय." मोजलेलं खरं निघतं, ही श्रद्धा त्याला त्या गाडीत मिळाली आणि तेवढीच आयुष्यभर पुरली.

दुपारचा शेवटचा तास झाला की तो मैदानाच्या कठड्यावर येऊन बसायचा. शॉट कुणी मारला, कुठून, कितव्या मिनिटाला, गेला की हुकला, हुकला तर कसा. पोरी आधी हसायच्या. मग सामना संपला की त्याच वहीपाशी येऊन उभ्या राहायला लागल्या, आणि त्या वेळी प्रसेनजीतला आपण कॉलेजात नोकरीला आहोत असं वाटायचं.

त्यातली एक स्नेहल मगदूम. शिरोळकडची, बाबासो मगदूम यांची थोरली. गावात खो-खो खेळायची; बास्केटबॉलला हात लावला तो या मैदानावर, पहिल्या वर्षाला आल्यावर. उंची पाच फूट नऊ इंच, हात गोड. ती आता शेवटच्या वर्षाला होती. बाबासोंनी सरळ सांगितलं होतं, "यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढं खेळ. न्हाय झाली तर बॉल ठिव आन घरी ये." माणूस वाईट नव्हता. मुदत घालून देतो तो बाप बराच म्हणायचा. निवड व्हायची होती डिसेंबरच्या झोनल स्पर्धेत, एका रविवारी. स्नेहलचं सगळं त्या एका दिवसावर होतं, आणि हे संघातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये प्रसेनजीतला वहीत ती गोष्ट सापडली. पहिल्या हाफमध्ये संघाचे शंभरातले सेहेचाळीस शॉट जात होते, दुसऱ्या हाफमध्ये एकोणतीस. स्नेहलचे बावन्न आणि एकतीस. शिवाय दुसऱ्या हाफमधले हुकलेले बहुतेक शॉट तोकडे, रिंगच्या पुढच्या काठावर आपटणारे. खेळाच्या कुठल्याही पुस्तकात याचं कारण दिलेलं असतं. पाय दमले की चेंडू तोकडा पडतो. पाहुण्या संघाचेही शॉट दुसऱ्या हाफमध्ये घसरायचे, म्हणजे दमतात सगळेच, आपल्या पोरी जरा जास्त. त्यांचे कसे हुकतात ते त्यानं टिपलं नव्हतं. एका सामन्याला एक पान, आणि पानावर तेवढी जागा नव्हती.

वही घेऊन तो विजयसिंह सरांकडे गेला. विजयसिंह सर क्रीडाशिक्षक, मूळचे पैलवान. आकडा म्हणजे त्यांना वजनाचा काटा तेवढाच ठाऊक.

"म्हंजे दम न्हाय म्हणता पोरींच्यात?" ते म्हणाले.

"दुसऱ्या हाफला वेग कमी करू या, सर. झोन डिफेन्स लावायचा, म्हणजे पळापळ कमी. आणि स्नेहलला तिसऱ्या क्वार्टरला बाहेर बसवायचं. शेवटी ताजी राहील."

"आन दम वाढवायला?"

"पळवायला पाहिजे."

"ही आत्ता बोलला माझ्या मनातलं," विजयसिंह सर म्हणाले. चौदा वर्षांत त्या कॉलेजात कुणी त्याचं एवढं लवकर ऐकलं नव्हतं.

स्नेहलला त्यानं स्वतः पान दाखवलं. तिनं एकतीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "एवढा दमतो मी, सर?" इकडच्या पोरी स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. "मला तर तसं वाटत न्हाय."

"आपल्याला वाटतं त्यावर जायचं नसतं," प्रसेनजीत म्हणाला. हे वाक्य तो दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगायचा.

स्नेहलनं मानलं. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या, मग तीन, मग चार. सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला ती मुकाट्यानं बाहेर बसायची. शेवटच्या क्वार्टरला आली की शॉट पुन्हा तोकडे. वहीत एकतीसचे तेहेतीस झाले, पुन्हा तीस झाले. मग तिनं पाचवी फेरी सुरू केली. नोव्हेंबरच्या अखेरीस नडगी दुखायला लागली ती तिनं आठ दिवस कुणाला सांगितली नाही. दम नाही म्हणून आधीच नाव झालेलं, त्यात पाय दुखतो कसं सांगायचं? झोनलच्या दहा दिवस आधी डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला बारीक चीर. प्लॅस्टर, सहा आठवडे.

त्या रविवारी स्नेहल कुबडी घेऊन बाकावर बसली होती, आणि निवड समितीची माणसं समोर बसून दुसऱ्याच पोरींची नावं लिहीत होती.

प्रसेनजीतही होता. बाहेरचा सामना तो तीन वर्षांत पहिल्यांदाच बघत होता. तासिकावाल्याला बाहेरगावच्या सामन्याला रजा नसते आणि तास बुडवला तर पुढच्या जूनची धास्ती, म्हणून वहीतले सगळे सामने घरच्या मैदानावरचे. बाहेर संघ हरून यायचा, तेव्हा "प्रवासाचा शीण" असं विजयसिंह सर सांगायचे आणि तेच खरं धरलेलं. हा सामना रविवारी होता म्हणून तो आला, कोरं पान काढून बसला.

पहिली चार मिनिटं. नऊ शॉट, एक गेला. आठ हुकले, त्यातले सात तोकडे, पुढच्या काठावर. पोरी सकाळी उठून, पोहे खाऊन, ताज्यातवान्या आल्या होत्या. चौथ्या मिनिटाला कुणाचे पाय दमत नाहीत. प्रसेनजीतचं पेन थांबलं. त्यानंतर त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही. संघ अठ्ठावीस गुणांनी हरला.

सोमवारी सकाळी सातला तो टेप घेऊन मैदानावर उभा होता. मैदान बघणारे आकाराम शिडीवर चढले. रस्त्याकडची रिंग भरली बरोबर दहा फूट, नियमाप्रमाणे. ओढ्याकडची रिंग भरली नऊ फूट साडेसात इंच.

"पुन्हा धरा," प्रसेनजीत म्हणाला. पुन्हा तेवढीच.

"कितींदा बी धरा की," आकाराम वरून म्हणाले. "त्यो खांब पुराच्या साली खचलाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"इचारलं कुणी?"

आता सगळं उलगडलं, आणि उलगडून उपयोग काही नव्हता. सराव रोज ओढ्याकडच्या रिंगवर व्हायचा, कारण तिकडे झाडाची सावली आणि रस्त्याकडच्या अर्ध्या मैदानात स्टाफच्या गाड्या. पोरींचे हात साडेचार इंच खाली शिकले होते, म्हणून पुऱ्या दहा फुटांच्या रिंगवर चेंडू तोकडा पडायचा. घरच्या सामन्यात यजमानांनी पहिल्या हाफमध्ये ओढ्याकडच्या रिंगवर शॉट मारायचे आणि दुसऱ्यात रस्त्याकडच्या, हा तिथला कायमचा शिरस्ता. म्हणजे प्रसेनजीत ज्याला पहिला आणि दुसरा हाफ समजत होता, त्या दोन रिंगा होत्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कारण कुठलं ते सांगता येत नाही, हा धडा तो दर वर्षी शिकवतो आणि परीक्षेला हमखास घालतो. पाच गुणांना. त्याला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

मंगळवारी तो शिरोळला गेला. बाबासोंनी ओट्यावर बसवलं, चहा आणायला सांगितलं. स्नेहल प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, इंचांसकट.

तिनं प्लॅस्टरकडे बघितलं. "म्हंजे मी दमत नव्हतो?"

"नाही."

"आन मी पळत बसलो."

प्रसेनजीतला वाटलं, हिनं ओरडावं. बाबासोंनी तरी चार शिव्या घालाव्यात. पण बाबासोंना यातलं फारसं कळलं नव्हतं. सर एवढ्या लांबून पोरीला बघायला आले, यातच त्यांना भरून आलं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, सर. तिच्या नशिबात न्हवतं." त्या मायेनं प्रसेनजीत अर्धमेला झाला.

निघताना स्नेहल म्हणाली, "माझं झालं ते झालं, सर. पर तेवढी रिंग नीट करून घ्या. म्हागून येणाऱ्या पोरींचे हात तरी बरोबर बसूद्यात."

"करतो," तो म्हणाला.

त्यानं अर्ज लिहिला. दोन रिंगांच्या उंचीत साडेचार इंचांचा फरक आहे, तो कृपया तातडीनं दूर करावा. अर्ज तीन महिने फिरला आणि, आश्चर्य म्हणजे, मंजूर झाला. मार्चमध्ये प्रसेनजीत पेपर तपासायला सांगलीला असताना वेल्डर येऊन काम करून गेला. परत आल्यावर प्रसेनजीतनं टेप लावला. ओढ्याकडची रिंग नऊ फूट साडेसात इंच. रस्त्याकडचीही नऊ फूट साडेसात इंच.

"खालची वर न्यायची तर पाया फोडायला लागतोय," आकाराम म्हणाले. "वरची खाली आणायला दोन भोकं बास. फरक गेला न्हवं?"

प्रसेनजीत विजयसिंह सरांकडे गेला, प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी अर्ज काढून दाखवला. काम अर्जाप्रमाणे झालंय, बिल निघालंय, आता पुन्हा त्याच कामाला मंजुरी कशी द्यायची? शिवाय जून जवळ आलाय, असंही ते सहज म्हणाले. प्रसेनजीत उठला. पुढे तो यावर काही बोलला नाही, आणि याची लाज त्याला आजही वाटते.

नव्या वर्षी नव्या पोरी आल्या. घरच्या मैदानावर पहिल्या हाफमध्ये सत्तेचाळीस, दुसऱ्यात सेहेचाळीस. फरक संपला. बाहेर गेल्या की पहिल्यासारख्याच हरून यायच्या. पण कॉलेजच्या बक्षीस समारंभात प्राचार्यांनी घरचेच आकडे वाचून दाखवले, मुलींचा दम शास्त्रीय पद्धतीनं वाढवल्याबद्दल कांबळे सरांचं कौतुक केलं, आणि एक शाल दिली. शाल तो पिशवीत घालून घरी घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. तिला कुणीतरी फोटो पाठवला होता. ती आता घरीच होती, नृसिंहवाडीला एका पेढ्याच्या दुकानात हिशेबाला जात होती. पाय बरा झाला होता. बॉल ठेवून दिला होता.

"शाल भारी हाय, सर," ती म्हणाली. "रिंग केली का नीट?"

"केली."

"मोजली का तुम्ही?"

"मोजली."

"किती भरली?"

प्रसेनजीतला वडील आठवले, चंदगडची गाडी आठवली. पलीकडे ती थांबली होती. तीन वर्षांत तिच्या हाती लागलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती काढून घ्यायचा त्याला धीर झाला नाही.

"दहा फूट," तो म्हणाला.

"बरं झालं," स्नेहल म्हणाली. "एवढं तरी झालं बघा."