बर्फ नसलेल्या डोंगरावरून उतरताना

ज्या मुलखात बर्फ कधीच पडत नाही अशा मुलखात जायचं, एवढंच ठरवून मी घर सोडलं. साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती अजून एक देश झाल्या नव्हत्या. आमच्या रत्नागिरीकडची माणसं तेव्हा नुकती दुबईच्या खाडीकाठी पाय रोवायला लागली होती. सगळे पोटासाठी यायचे, आणि कुणी विचारलं तर मीही तेच सांगायचो. दुबईतल्या देरा वस्तीत हसनचाचांच्या चहाच्या दुकानामागे आम्ही काही कोकणी गडी एका खोलीत राहायचो. पाचही वेळा सगळ्यांबरोबर मीही नमाजला उभा राहायचो, पण नमाज संपून दुआसाठी हात वर केले की मन कोरडं पडायचं. काय मागायचं तेच सुचत नसे. मागून मिळतं यावरचा माझा विश्वास उडाला होता. हसनचाचा वयाने वडिलांसारखे. त्यांनी एकदाच विचारलं, "तू दुआला हात लगेच खाली घेतोस. कुणावर रागावलायस?" मी चहाचे पेले विसळायला घेतले.

आमच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जाणारे. मी मात्र फौजेत गेलो. काश्मीरला बदली झाली आणि खाडीकाठचा मी मुलगा तिथे स्की शिकलो. पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून उतरायचं, हे मला असं काही जमलं की आमचे उस्ताद म्हणायचे, हा मागच्या जन्मी डोंगरातला असणार. नोकरीची मुदत संपल्यावर त्याच भागातल्या एका डोंगरी गावात हॉटेलवाल्याने मला ठेवून घेतलं. हिवाळ्यात पाहुण्यांना स्की शिकवायची, उन्हाळ्यात घोडे सांभाळायचे. वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ युसूफ माझ्याकडे आला तो तिथलाच झाला. पहिल्या उतारावर माणूस घाबरून मागे कलतो, आणि मागे कलला की आपटतो. युसूफ पहिल्या दिवसापासून पुढे झुकला. दरीकडे तोंड करून मोठ्याने हसत उतरायचा. मी पाहत उभा राहिलो की मला माझंच बाळपण पाहिल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही. तिकडे कडाक्याच्या थंडीच्या दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. ते सुरू झाले, पाणी गोठलं, पण आकाश कोरडं ठणठणीत. उतारावर पिवळं गवत आणि त्यातून वर आलेले काळे दगड. आम्ही सावलीतल्या घळींतून टोपल्यांनी बर्फ उचलून आणायचो आणि शिकवायच्या उतारावर पसरायचो. दुपारपर्यंत त्याचा चिखल व्हायचा. पाहुणे जेवणघरात पत्ते खेळत बसायचे, मग एकेक करून निघून गेले. हॉटेलवाल्याने निम्म्या खोल्यांतल्या बुखाऱ्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगड्या, विझवल्या. तरी रोज संध्याकाळी मी आणि युसूफ स्कींना मेण चोळून भिंतीला उभ्या करून ठेवायचो. सकाळी दार उघडलं की आधी शिखराकडे पाहायचं, ही सगळ्या गावाचीच सवय झाली होती. दर्ग्याच्या अंगणात बर्फासाठी सामुदायिक दुआ झाली. म्हातारी माणसं रडली. मीही मनापासून मागितलं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

उरलेल्या दोन पाहुण्यांना वरच्या कड्याखाली थोडा बर्फ आहे असं कळलं आणि युसूफ त्यांना घेऊन वर गेला. बर्फाचा थर पातळ होता. खालच्या दगडात त्याची स्की अडकली आणि तो डोक्यावर पडला. दोन स्की एकमेकींना बांधून त्यावर त्याला खाली आणलं. घरापर्यंत पोचेतो तो गेला होता. गाव गोळा झालं, गोठलेली जमीन पहारींनी फोडून कबर खणली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडायला लागला. असा पडला की कबर कुठे होती तेही दिसेना. घराघरांत कहवा वाटला गेला, लोक एकमेकांना मिठ्या मारून अल्लाहचे आभार मानत 'शुक्र' म्हणू लागले. त्यांचं चुकलं नव्हतं, बर्फावर त्यांची पोटं होती. पण माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. जे मी मागितलं तेच मला मिळालं होतं, भावाला मातीत ठेवल्यावर. कोकणात अम्माला तार गेली. तिने मुलाचं तोंड पाहिलं नाही, कबर पाहिली नाही. मी घरी गेलो तेव्हा ती काही विचारेना आणि मला काही सांगवेना. महिन्याभरात मी दुबईच्या बोटीवर होतो.

दुबईत पाण्याचा शोध घेणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरकडे मी ड्रायव्हर झालो. रस्ते नव्हतेच. उम्म अल कुवैनच्या पुढे ओहोटी पाहून ओल्या वाळूवरून जीप हाकायची, रास अल खैमा मागे टाकायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी तंबू लावायचा. ते डोंगर पाहून मला बरं वाटलं. उघडे, भाजलेले, झाडाचं नाव नाही. आपल्या ओळखीचं इथे काही नाही, असं वाटलं. पण दुसऱ्याच हिवाळ्यात तिथेही तेच झालं. त्या डोंगरांच्या माथ्यावर माणसं राहतात. दगडांची बुटकी घरं, बांध घालून केलेली जवाची शेतं, आणि हिवाळ्यात पडेल तेवढं पावसाचं पाणी साठवायला खोदलेली टाकी. त्या हिवाळ्यात पाऊस आलाच नाही. टाक्यांचा तळ दिसला, पेरलेलं उगवलं नाही, आणि कुटुंबामागून कुटुंब शेळ्या घेऊन किनाऱ्याकडे उतरू लागलं. उतरताना जो तो मागे वळून आकाशाकडे पाहायचा. ते पाहणं मला चांगलं माहीत होतं. मी तोंड फिरवून जीपचं काम करत बसायचो.

एक दिवस साहेब दुसऱ्या गाडीने दुबईला गेले होते आणि तंबूवर मी एकटाच होतो. हातात छोटी कुऱ्हाड लावलेली काठी घेऊन एक म्हातारा उतरून आला. सालेम त्याचं नाव. तरुणपणी मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी बोलायचा. म्हणाला, "नातीला ताप आहे. श्वास लागलाय. मुलगा आणि सून खाली किनाऱ्यावरच्या रामस गावी कामाला गेलेत. आमच्या वाडीत दुसरं कोणी उरलं नाही. तुमच्याकडे हकीम आहे?"

"हकीम नाही बाबा. पण जीप आहे. तिला खाली आणलंत तर शहरातल्या दवाखान्यात पोचवतो."

"मी तिला कसा आणू?" त्याने आपल्या गुडघ्यांना हात लावला. "यल्ला, तूच चल."

आम्ही चढून वर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मरियम आठ-नऊ वर्षांची असेल. घोंगडीत गुंडाळलेली, ओठ सुकून फाटलेले, आणि प्रत्येक श्वासाला छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. आल्या वाटेनेच न्यायचं तर कड्याच्या कडेकडेने लांबचा फेरा होता. आणि आमच्या डोळ्यांदेखत समुद्राकडून ढग वर चढला आणि ती वाट गिळून बसला. पाऊस नाही, नुसता ढग. घरामागून मात्र एक लांबच लांब उतार सरळ खालच्या कोरड्या नदीत जात होता, सगळा सुट्या खड्यांचा, पाय ठेवला की सरकणारा. त्याच्या तळाशीच माझी जीप उभी होती.

मी त्या उताराकडे पाहत राहिलो. सालेमबाबा म्हणाले, "तिथून शेळीसुद्धा जात नाही. अर्ध्यावर एका अंगाला कडा तुटलाय."

"बाबा, असा उतार मला येतो," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे आले ते मला आजही सांगता येत नाही. युसूफ गेल्यापासून मी कुणाला, हसनचाचांनासुद्धा, स्कीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नातीला उचलून माझ्या पाठीवर ठेवलं, घोंगडीने घट्ट बांधलं आणि तिच्या केसांवर हात ठेवून म्हणाले, "ही अमानत आहे, सोपवलेली ठेव. तुझ्याकडे नाही, अल्लाहकडे. तू फक्त पाय दे."

मी उताराच्या तोंडाशी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मला काही मागायचं नाहीये. ही वाचू दे, मला पडू देऊ नको, असंसुद्धा मनात आलं नाही. एवढंच म्हणालो, या अल्लाह, घे. आणि पुढे झुकलो. खडे सुटले, पायाखालचा सगळा उतारच माझ्याबरोबर वाहायला लागला, आणि माझे गुडघे आपोआप वाकले. एका बाजूला भार, मग दुसऱ्या बाजूला. इतक्या दिवसांत पाय काहीच विसरले नव्हते. मग आम्ही ढगात शिरलो आणि हातभर अंतरावरचंही दिसेनासं झालं. मी टाचा रोवून कसाबसा थांबलो. खडे माझ्यापुढे घरंगळत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज एकदम बंद झाला. तुटलेला कडा जवळच होता, पण कुठल्या अंगाला ते कळेना. पाठीवर मरियमचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

तेव्हा खालून हाक आली. बाईमाणसाचा आवाज, वयस्कर, शेळ्यांना हाकारताना असतो तसा खणखणीत. "यमीन! यमीन!" उजवीकडे, उजवीकडे. मी उजवीकडे सरकलो. पुन्हा हाक. पुन्हा सरकलो. थांबलो की आवाज थांबायचा, निघालो की यायचा. मग एकदा "खलास!" म्हणजे बस्स, पुरे, असं ऐकू आलं, आणि माझ्या पायाखाली पुन्हा सरळ, मोकळा उतार आला. ढगातून बाहेर पडलो तर समोर नदीचं कोरडं पात्र आणि त्यात जीप. मी दोन्हीकडे पाहिलं, हाका मारल्या. कुणी दिसलं नाही. थांबायला वेळ नव्हता.

दवाखान्यात एक भारतीय डॉक्टर होते. त्यांनी मरियमला तपासलं, सुया दिल्या, आणि मला बाहेर बोलावून खरं ते सांगितलं. दोन्ही फुफ्फुसं भरली होती. मी रामसला जाऊन तिच्या आई-बापाला घेऊन आलो. फेऱ्याच्या वाटेने उतरून सालेमबाबाही आले. त्यानंतर आठवडाभर मरियम होती. मधे दोन दिवस ताप उतरला, तिने खजूर मागितला, आईशी पुष्कळ बोलली, माझ्याकडे बोट दाखवून "हा पडत नाही" असं आजोबांना सांगितलं. आम्हा सगळ्यांना आशा वाटली. मग ताप पुन्हा चढला आणि एका सकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

मी भिंतीशी उभा होतो. मनात तोच जुना कडवटपणा येऊ लागला, की पुन्हा एकदा दिलं आणि काढून घेतलं. तेवढ्यात मरियमची आई उठून माझ्यापाशी आली. नवऱ्याकडून एकेक वाक्य हिंदीत सांगवत म्हणाली, "तू तिला आणलं नसतंस तर मला नुसता निरोप आला असता. तुझ्यामुळे तिने मला हाक मारली, मी तिच्या तोंडात पाणी घातलं. अल्लाह तुझ्या आईला सुखात ठेवो."

माझ्या आईला. ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. युसूफच्या जनाज्यात मी दगडासारखा उभा होतो. मरियमच्या जनाज्यात सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडलो आणि हात वर करून तिच्यासाठी, युसूफसाठी आणि ढगात हाक देणारीसाठी दुआ केली. नंतर मी त्या बाईची चौकशी केली. सालेमबाबा म्हणाले, त्या अंगाला कुणाचंच घर नाही. पण एखादी चुकलेली शेळी शोधत कुणी म्हातारी परतली असेल तर सांगता येत नाही. मरियमचे वडील नुसते "अल्लाह जाणे" म्हणाले. देऱ्याला परत आल्यावर हसनचाचांना मी सगळं सांगितलं, अगदी युसूफपासून. त्यांनी चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि म्हणाले, "ती कोण होती हे तुला कळेल न कळेल. तुला वाट मिळाली ना? मग आता घरी जा. तुझी अम्मा वाट बघत असेल."

मी गेलो. पाऊस त्या डोंगरावर पुढे कधी पडला, मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी लिहितानाही, युसूफ का गेला, मरियम आठवडाभरच का राहिली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. सोपवून देणं म्हणजे दुःख संपणं, असं मला वाटायचं; ते तसं नाही. दुःख तिथेच राहतं. फक्त ते आपल्याला एकट्याने धरून ठेवावं लागत नाही. एवढं मला मिळालं, आणि त्याबद्दल मी अल्लाहचा कायमचा ऋणी आहे.

घरी पोचलो तेव्हा अम्मा चुलीपुढे बसली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "अम्मा, युसूफचं सांगू?"

तिने फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, "तो बर्फावर दिसायचा कसा रे?"

मी सांगत गेलो. त्याची लाल लोकरी टोपी, त्याचं ते मोठ्याने हसणं, एकदा हॉटेलवाल्याच्या कोंबड्यांतच घुसला होता ते. त्या कोंबड्यांवर अम्मा हसली, तार आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडली. चुलीतली लाकडं विझून गेली होती. डोळे पुसून ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली,

"आज एवढं पुरे. उद्या आणखी सांग."