घर खाली करा

ग्वाल्हेरची मराठी अस्सल असते, असं मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. येताना काय काय मागे टाकलं ते देव जाणे, पण भाषा मात्र टाकली नाही. मुलगी लहानपणी "मी जेवून राहिलेय" म्हणाली की मी तिला तिथेच अडवायची. "जेवून राहिलेय नाही, जेवतेय म्हण." पोर घास गालात सरकवून वाक्य दुरुस्त करायची आणि मगच गिळायची. एवढी माझी दहशत.

पुढे मुलगी कोकणात दिली. जावई सरळ, हसरा. त्याची आई, म्हणजे माझी विहीण, खाडीकाठच्या गावात एकटीच राहायची. खाली दोन खोल्या, वर माडी, माडीवर कौलं. लग्न ठरवायच्या बैठकीत मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "आम्ही मुलीला उत्तम शिक्षा दिली आहे." विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "का हो? काय गुन्हा केला होता पोरीनं?" सगळी बैठक हसली. मीही हसले, पण आतून मिरची झोंबलीच. मला शिक्षण म्हणायचं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडणारी मी, त्या दिवशीच शहाणी व्हायला हवं होतं. झाले नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी उन्हाळ्यात इकडे आली. दिवस भरत आले तसा जावईही रजा टाकून आला. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तिला कंपू भागातल्या दवाखान्यात नेलं. बाहेर लू अशी वाहत होती की फाटकाच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. आणि त्या तसल्या उन्हात जावयाचा फोन एकसारखा वाजत होता. त्याच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. चक्रीवादळ दुपारनंतर किनाऱ्याला लागणार, खाडीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडून शाळेत यावं. पुन्हा पुन्हा तेच, लाल अक्षरांत.

विहीणबाईंचा फोन साधा, बटणांचा. त्यावर यातलं काही पोचत नव्हतं. जावई सकाळपासून त्यांना फोन लावत होता, लागत नव्हता. तेवढ्यात नर्सनं त्याला सही करायला आत बोलावलं. जाता जाता त्यानं फोन माझ्या हातात दिला. "आई, लागला तर तुम्हीच बोला. घर सोडून शाळेत जा म्हणावं. नाहीच लागला तर मी पोलीस पाटलांना सांगतो, ते घेऊन जातील तिला."

चौथ्या का पाचव्या खेपेला लागला. तिकडे वारा एवढा की त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. मी ओरडूनच बोलत होते, सगळा वऱ्हांडा माझ्याकडे बघत होता.

"विहीणबाई, मोठं वादळ येतंय. घर खाली करा."

"काय करू?"

"खाली करा, खाली. लवकर."

"सगळं? माडी पण?"

मला वाटलं, माडीवर बसून राहिलं तर चालेल का, असं विचारतायत. म्हटलं, "माडी पण. वर काही राहायचं नाही."

"अहो, एकटीनं कसं करू मी?"

"शेजारणीला बरोबर घ्या."

"बरं बरं. तिला हाक मारते," त्या म्हणाल्या, आणि फोन तुटला.

जावई बाहेर आला. मी सांगितलं, "लागला. निघतायत त्या, शेजारणीबरोबर." त्यानं मोठा श्वास घेतला, भिंतीला डोकं टेकलं आणि फोन खिशात घातला. पोलीस पाटलांना त्यानं मग फोन केला नाही. कशाला करील? मी सांगितलं होतं ना.

दुपारी मला नात झाली. मी पेढे आणवले, नर्सला दिले, पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी बाईच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला. माझा तो दिवस सोन्याचा गेला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांचाच फोन आला. विहीणबाई सापडल्या होत्या, पायाचं हाड मोडलं होतं. त्यांची शेजारीण गेली. जावई तसाच निघाला. दहा-बारा दिवसांनी आईला घेऊन आला, कारण त्या घरात आता राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायाला प्लॅस्टर घातलेल्या विहीणबाईंना आम्ही बैठकीच्या खोलीत खाट टाकून दिली. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, पण तिच्याकडे बघत नव्हत्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. मुलगी बाळाला घेऊन आत निजली होती, जावई बाहेर गेला होता. मी चहा करून आणला. विहीणबाई आपणहून बोलायला लागल्या.

"तुमचा फोन आला म्हणून निदान कळलं तरी. कौलं उडणार, म्हणून सगळं खाली आणायचं. तिला हाक मारली. ती तयार होऊनच आली होती, दारात पिशवी ठेवली तिनं. म्हणत होती, अगो, चल शाळेत, सगळे गेले. मी म्हटलं, माझी विहीण शिकलेली आहे, तिनं बातमी वाचून सांगितलंय. आधी सगळं खाली करायचं, माडीवर काही ठेवायचं नाही. मग दोघींनी गाद्या आणल्या, भांडी आणली. शेवटी पेटारा राहिला. जिन्यात मी वरच्या बाजूला, ती खालच्या. तेवढ्यात खाडी आत आली."

मी त्यांच्या कपात साखर घालत होते. घालतच राहिले. त्यांनी माझा हात धरला तेव्हा थांबले.

"हवामानवाल्यांनी असं उलटं कसं सांगितलं हो?" त्या म्हणाल्या. "पाणी खालून येणार, आणि सांगितलं काय, तर सगळं खाली आणा."

कानात नुसता माझाच आवाज, वऱ्हांड्यात ओरडत असलेला. मी बाई, अख्ख्या घरादाराची मराठी तपासणारी, जन्मभर हा शब्द बोलत आले होते. बादली खाली, डबा खाली, घर खाली. आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. हा शब्द हिंदीतला आहे, मराठीत त्याचा अर्थ वेगळा आहे, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. दोन्ही अर्थ ठाऊक होते. त्या घटकेला आठवला तो एकच. आणि मी काय बोलले त्यांना? "उलटंच सांगितलं खरं," असं बोलले. लाज वाटते लिहायला, पण तेच बोलले.

त्यांनी मुलालाही हेच सांगितलं होतं. आईनं घाबरून काहीतरी भलतंच ऐकलं, असं त्याला वाटत होतं. मी ते तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात तो शब्द बंद केला. कामवाली म्हणाली, "बाल्टी खाली कर दूँ, भाभीजी?" तर मी स्वयंपाकघरातून धावत गेले. तिला म्हटलं, आमचे पाहुणे आहेत तोवर हा शब्द बोलायचा नाही. ती बिचारी काहीतरी अपशकुनाचं असेल म्हणून मान हलवून गेली. मुलगी म्हणाली, "आई, सिलेंडर खाली झाला." मी म्हटलं, "संपला म्हण." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला काय होऊन राहिलंय आजकाल?" मी तिचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

तिकडे विहीणबाई रोज थोडंथोडं तेच बोलायच्या. मी तिला हाक मारली नसती तर. ती निघालीच होती. मी ऐकायची आणि त्यांच्या पायाला उशी नीट लावायची. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग वाटायचं, सांगून त्यांना काय मिळणार आहे? आता निदान दोष हवामानवाल्यांच्या माथी तरी जातोय. खरं तर मला माझीच भीती वाटत होती. जावई मला काय म्हणेल, मुलगी काय म्हणेल, हीच काळजी.

प्लॅस्टर काढायचा दिवस आला. कंपूला मीच त्यांना घेऊन गेले. पाय मोकळा झाला, त्या काठी टेकत चार पावलं चालल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, "आता नातीला माझ्या हातानं एखादं झबलं घेते." नया बाजारात जाऊ म्हणून आम्ही दवाखान्याबाहेर उभ्या राहिलो. एक ई-रिक्षा समोर येऊन थांबली. चालकानं मान बाहेर काढली.

"खाली है अम्मा, बैठो."

विहीणबाईंनी पटकन आपल्या पायांकडे बघितलं. मग आजूबाजूला, रस्त्यावर.

"खाली काय आहे हो?" त्यांनी मला विचारलं.

खोटं अगदी जिभेवर तयार होतं. पायरी खाली आहे, सांभाळून चढा म्हणतोय. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पण काठीवर ओणवून त्या रस्त्यावर काहीतरी शोधत होत्या, आणि मला ते बघवेना.

"रिकामी आहे म्हणतोय रिक्षा," मी म्हटलं. "इकडे खाली म्हणजे रिकामं."

"हिंदीत?"

"हिंदीत. आणि आमच्या बोलण्यातसुद्धा."

त्या रिक्षात बसल्या. मी शेजारी बसले. रिक्षा सुरू झाली, चौक गेला.

"मग त्या दिवशी तुम्ही..."

"घर सोडून निघा म्हणत होते. शेजारणीला घेऊन निघा, असं. मी चुकले, विहीणबाई. तुम्ही सांगितलंत त्या संध्याकाळीच मला कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या मांडीवरची काठी दोन्ही हातांनी धरून समोर बघत होत्या.

"तिची पिशवी मागाहून सापडली होती," त्या म्हणाल्या. "तिच्या सुनेनं मला उघडून दाखवली. तिच्या दोन साड्या होत्या, आणि एक माझी. आमची वाळत घालायची दोरी एकच होती ना. मला तेव्हा वाटलं, घाईत चुकून आली असेल."