डोळे बांधलेला पाणाड्या

नत्थुजींच्या तळहातावर नारळ खोटा उभा राहतो, असं कुणी म्हटलं असतं तर वरूडच्या आसपास लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. तीस वर्षं ते शेतांत पाणी दाखवत आले होते. नारळ हातावर आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं, आणि जिथं तो शेंडी वर करून ताठ उभा राहील तिथं बोअर मारायला सांगायचं.

आज शेत लेकीचं होतं. प्रणालीच्या संत्राबागेतले दोन बोअर आटले होते. तिसराही कोरडा गेला तर तीनशे झाडं उन्हाळा काढणार नव्हती. बोअरची गाडी संध्याकाळी यायची होती. नारळ शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या बोरीजवळ उभा राहिला, तिथं जावयानं, अमोलनं, चुना टाकून खूण केली.

चहा पिताना प्रणालीनं मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला.

"बाबा, हा गोरा पाहा. तुमच्यासारखाच फिरून राहिला. हातात नारळ नाही, काड्या आहेत."

"मंग? तिकडच्या लोकायले पाणी लागत नाही का?"

"डोळे बांधले तं त्याले काईच सापडत नाही. आपलाच हात हलते म्हणते, अन् आपल्यालेच समजत नाही."

"त्याचा हात कच्चा असन." नत्थुजी मोठ्यानं हसले. "घे, बांध माहे डोळे."

"मामाजी, सांभाळून," अमोल म्हणाला. "नाही तं जुन्या बोअरमधून गाडीवाल्याले तुमालेच बाहेर काढा लागन."

प्रणालीनं ओढणीनं डोळे बांधले, दोनदा गोल फिरवलं. नत्थुजी चालले. मनगटात नेहमीची ओढ आली, नारळ ताठ झाला. आपण चुन्यावरच उभे आहोत याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. तिनं पायाशी दगड ठेवला. असे चार फेरे झाले.

मग ओढणी सुटली.

एक दगड गोठ्यापाशी होता. एक बैलगाडीच्या वाटेवर. एक झाडांच्या मधल्या ओळीत. चौथा पहिल्या कोरड्या बोअरच्या पाइपाला टेकलेला. चुन्याजवळ काहीच नव्हतं.

अमोलला हसू फुटलं, पण सासऱ्यांचं तोंड पाहून ते तिथंच विरलं.

नत्थुजी हाताकडे बघत राहिले. हा हात त्यांच्याशी तीस वर्षं खोटं बोलला होता, आणि खोटं बोलताना थरथरलाही नव्हता. पूर्वी शंभर फुटांवर कुठंही पाणी लागायचं, म्हणून नारळ खरा ठरत गेला. आणि लागलं नाही तेव्हा? तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचे. गावातल्या खुशालरावांचा बोअर कोरडा गेला, तेव्हा त्यांनी भर अंगणात सांगितलं होतं की घरच्या सुनेनं, जमुनानं, खूण ओलांडली म्हणून पाणी फिरलं. ती दाराआड उभी होती. पुढं तिला त्या घरात काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कधी विचारलंच नाही.

"बाबा, बसा," प्रणाली म्हणाली. "तुमाले घाम सुटला."

रस्त्यावर बोअरच्या गाडीचा घरघराट आला. ड्रायव्हरनं उतरताच हाक मारली, "काका, कुठी लावू?"

अमोल अजिजीनं म्हणाला, "मामाजी, सांगून टाका. पयल्या चुन्यावरच लावू. तुमचा शब्द आमाले पुरते."

नत्थुजींनी नारळ खाली ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मले मालूम नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "गाडी परत पाठव, अमोल. मले कधीच मालूम नव्हतं."